आवाज मोजण्याच्या कामात येताय? आधी आवाज ओळखा

ध्वनिमापनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांच्या हाती मीटर देण्याआधी मी एकच विचारतो : समोरचा आवाज कसला आहे? एकसुरी घरघर, चढउतार होणारा, की क्षणात फुटून विरणारा? मीटरचं सेटिंग त्यावर ठरतं. ते चुकलं तर महागड्या मीटरवरचा आकडाही कुचकामी.

गोव्यात नरकासुराची रात्र घ्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदली, नरकासुराच्या पुतळ्यांची रात्र. पणजी, म्हापसा, फोंडा, कुठेही जा. मोठ्या स्पीकरांतून बास, म्हणजे खालच्या पट्टीचा जाड आवाज, धडधडत असतो. तावदानं थरथरतात, छातीत ठोके जाणवतात, आणि 'ए' वेटिंगवर (वेटिंग म्हणजे कोणत्या पट्टीच्या आवाजाला किती वजन द्यायचं, ते मीटरचं सेटिंग) लावलेला मीटर मात्र त्या मानाने बेताचा आकडा दाखवतो. मंद आवाज ऐकताना आपला कान खालच्या पट्टीला कमी दाद देतो. ए वेटिंग त्या कानाची नक्कल करतं. ६३ हर्ट्‌झच्या आवाजातून ते तब्बल २६ डेसिबल वजा करतं. 'सी' वेटिंग तिथे पुरता एक डेसिबलही कापत नाही. म्हणून दोन्ही रीडिंग घ्या. फरक १५-२० डेसिबलांच्या पुढे गेला, तर त्रासाचं मूळ बासमध्ये आहे असं समजा आणि ऑक्टेव्ह बँड, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या करून, तपासा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधल्या परिसराच्या मर्यादा ए वेटिंगवर आहेत : निवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५. निष्कर्ष त्यावरच द्यायचा. पण शेजारच्या आजींना झोप का लागली नाही, ते सीचा आकडा सांगतो. तोही अहवालात नोंदवलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कारखान्यातला कॉम्प्रेसर सोपा; तो एकाच सुरात चालतो, 'स्लो'वर, म्हणजे मीटरच्या संथ प्रतिसादाच्या सेटिंगवर, काटा स्थिर राहतो. हमरस्ता तसा नाही. ट्रक येतो, जातो, मध्ये शांतता. इथे एलईक्यू लागतं, म्हणजे त्या वेळेतल्या सगळ्या ध्वनिऊर्जेची सरासरी. समजा तासातली दहा मिनिटं ८० डेसिबल आणि उरलेली पन्नास मिनिटं ५० डेसिबल होते. आकड्यांची साधी सरासरी ५५ येते, एलईक्यू मात्र सुमारे ७२. डेसिबल लॉगॅरिदमवर चालतात, त्यामुळे ते कधीही सरळ बेरीज-भागाकाराने हाताळू नका. दोन सारखे जनरेटर सुरू झाले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो.

फटाक्याला वेगळा न्याय. 'फास्ट'चा प्रतिसाद १२५ मिलिसेकंदांचा, 'स्लो'चा एक सेकंदाचा. फटाका त्याच्या कितीतरी आधी संपतो. म्हणून नियमातली मर्यादाच निराळी आहे : फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर, ए वेटिंगसह 'इम्पल्स'वर (क्षणिक आवाजांसाठीचं, फास्टहूनही झटपट सेटिंग) १२५ डेसिबल किंवा सी वेटिंगच्या 'पीक'वर १४५ डेसिबल. पीक आणि कमाल हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. कमाल हे फास्ट किंवा स्लोच्या गाळणीतून आलेलं असतं, पीक म्हणजे दाबाच्या लहरीचं खरं टोक.

पावसाळ्यात सत्तरी-पेडण्याकडे रात्रीचं मोजमाप असेल, तर बेडूक आणि रातकिडे विसरू नका. शक्य असेल तेव्हा ज्याचा आवाज मोजायचा ते यंत्र बंद करवून पार्श्वभूमी मोजा. यंत्र चालू आणि बंद अशा दोन रीडिंगांत १० डेसिबलांहून जास्त फरक असेल तर पार्श्वभूमीसाठी आकड्यात दुरुस्ती नको. ३ हून कमी असेल तर त्या रात्री यंत्राच्या आवाजाबद्दल काहीच ठामपणे सांगता येत नाही, आणि तसंच लिहावं. बंद करवणं जमत नसेल, तर एल९० पाहा : ९० टक्के वेळ आवाज ज्या पातळीच्या वर असतो ती पातळी.

बाकी शिस्तीच्या गोष्टी : मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेटर (ठरावीक पातळीचा आवाज देणारं उपकरण) लावून ९४ डेसिबल येतात का पाहणं, माइकवर फोमची टोपी, ट्रायपॉड जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, भिंतीपासून दूर. समुद्राचा वारा जोरात असेल तर थांबा. प्रत्येक आकड्याशेजारी वेटिंग, टाइम सेटिंग, अंतर आणि वेळ लिहा; नुसता '७२ डेसिबल' लिहिलेला कागद मी परत पाठवतो.