नानांचा आय७ आणि माझा आय३ : जुना प्रोसेसर नव्याशी कसा ताडून पाहावा

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विप्रोचा जन्म याच गावचा, १९४५ सालचा, तोही वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. त्यामुळे कॉम्प्युटरवर आपला वडिलोपार्जित हक्क असल्यासारखं इथं जो तो बोलतो. कापसाचा सीझन भरात असताना एका जिनिंगचे (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याचे) नाना आपलं कॅबिनेट मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून घेऊन आले. मशीन रखडतं, अशी तक्रार. आत इंटेल कंपनीचा आय७ २६०० हा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, होता, २०११ सालचा. बदलायचाच असेल तर आय३ १२१०० घ्या, असं मी म्हटलं आणि नाना उखडले.

"दादा, मना आय-सेव्हन शे, आनि तुम्ही माले आय-थ्री दी राहिनात?"

त्या दिवशी नानांना स्टुलावर बसवून जे करून दाखवलं, तेच इथं लिहितो.

आधी नाव वाचायला शिका. आय३, आय५, आय७ ही त्या त्या सालच्या घरातली थोरली-धाकटी भावंडं. दुसऱ्या सालाशी त्यांचा संबंध नाही. खरी गोष्ट पुढच्या आकड्यात असते. २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. १२१०० मधले पहिले दोन आकडे, १२, म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. दहा पिढ्यांचं अंतर. शेवटी अक्षर असेल तर तेही बघा. 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा भाग, नसतो. एक पोरगं स्वस्तात मिळाला म्हणून एफवाला घेऊन आलं होतं. ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीन काळीच; दोन दिवस ते मॉनिटरला शिव्या देत होतं.

आपल्या मशीनमध्ये काय आहे ते बघायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, गेलात की नाव, कोअर (आतले काम करणारे गडी), थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) सगळं दिसतं.

आता गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात. नानांचा २६०० मुळात ३.४ चा, जोर लावला तर ३.८. आय३ १२१०० मुळात ३.३, जोर लावला तर ४.३. दोघांना चार कोअर, आठ थ्रेड. कागदावर फरक किरकोळ वाटतो, आणि बहुतेक लोक इथंच फसतात. नानांना मी विचारलं, "वेचणीची मजुरी तुम्ही कशावर देता? बाईचा हात किती वेळा हलला त्यावर, की किलोवर?" गिगाहर्ट्झ म्हणजे हात किती वेळा हलला. एका हालचालीत किती बोंडं निघाली, ते त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. नवा प्रोसेसर एका ठोक्यात जास्त कामं उरकतो. शिवाय त्याची ओटी मोठी, म्हणजे कॅश, प्रोसेसरच्या पोटातली छोटी मेमरी. २६०० ची ८ एमबी, १२१०० ची १२ एमबी. ओटी मोठी असली की धुऱ्यावर, म्हणजे रॅम या बाहेरच्या मोठ्या मेमरीपर्यंत, फेऱ्या कमी. हा घोळ जुनाच आहे. २००४ साली इंटेलचाच पेंटियम ४ तीन-साडेतीन गिगाहर्ट्झच्या पुढे गेला होता, आणि दोनच वर्षांनी आलेल्या कमी गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्याला मागं टाकलं.

मग मोजायचं कसं? माझ्या पद्धतीला पैसे लागत नाहीत. सेव्हन-झिप हा फुकटचा प्रोग्राम दोन्ही मशीनवर टाका, दोन्हीकडे एकच आवृत्ती. त्याच्या टूल्स मेनूत बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, आहे. आधी थ्रेडची संख्या १ करून चालवा, चार-पाच फेऱ्या होऊ द्या, रेटिंगचा आकडा वहीत लिहा. मग सगळे थ्रेड लावून पुन्हा. एका थ्रेडचा आकडा म्हणजे रोजच्या हिशोबाचा, बिलाचा, फाइल उघडण्याचा वेग. सगळ्या थ्रेडचा आकडा म्हणजे व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामाचा, जिथं काम वाटून देता येतं. २६०० आणि १२१०० मध्ये एका थ्रेडला साधारण दुपटीचा फरक धरा, सगळ्या थ्रेडला अडीच पटीच्या आसपास. दुकानदार फक्त दुसरा आकडा सांगतो, कारण तो मोठा असतो. बिलं करणाऱ्याने पहिला विचारावा.

पण नानांच्या मशीनवर चाचणी लावली तेव्हा आकडा हवा त्याहून बराच खाली आला. सीपीयू-झेड हा प्रोसेसरचा चालू वेग दाखवणारा प्रोग्राम लावून बघितलं, तर चाचणी चालू असताना प्रोसेसर ३.४ सोडून त्याच्या निम्म्यावर रेंगाळत होता. कॅबिनेट उघडलं. पंख्याखाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये कापसाची तंतू-धूळ बसून बसून चक्क गादी तयार झालेली. चिमट्याने टोक धरलं, तर अख्खी एकसंध वर आली, चौकोनी, खाली पात्यांचे ठसे उमटलेले. नाना म्हणाले, "हाई ते मनी जिनिंगनंच शे." खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो, मरण्यापेक्षा हळू चाललेलं बरं म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तर हे ठरलेलंच. म्हणून तुलना करण्याआधी जुन्याला साफ करा, नवी पेस्ट लावा, मग मोजा. आजारी बैलाची जोडी लावून शर्यत बघण्यात अर्थ नाही.

साफ केल्यावर आकडा जागेवर आला. तरी नाना म्हणाले, "रखडतंच." मग टास्क मॅनेजर उघडा ठेवून त्यांना रोजचं काम करायला लावलं. पट्टीची एंट्री, बिल, प्रिंट. सीपीयू वीस टक्क्यांच्या आत, आणि डिस्क शंभर टक्के! मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क होती. बिचारा प्रोसेसर रिकामा बसून वाट बघत होता आणि शिव्या त्यालाच पडत होत्या. ही पायरी कुणी करत नाही, आणि मला विचाराल तर पैसा वाचवणारी हीच. सीपीयू सारखा नव्वदच्या वर असेल तरच नवा प्रोसेसर. डिस्क शंभरवर असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), मेमरी भरत असेल तर रॅम.

वॅटच्या आकड्यावरून विजेचं बिल काढू नका. २६०० वर ९५ वॅट लिहिलंय, १२१०० वर ६० आणि जोरात असताना ८९. हे पूर्ण ताणावरचे आकडे. प्लगला लावायचं मीटर मिळतं, त्यावर दोन्ही मशीनचं दिवसभराचं बघा. समजा ४० वॅटचा फरक पडला, रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस, तर ९६ युनिट. एवढ्यासाठी कुणी मशीन बदलत नाही. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मात्र गोष्ट वेगळी.

खर्च मांडताना नुसत्या प्रोसेसरची किंमत धरू नका. जुना बसतो ११५५ पिनांच्या सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीत, नवा १७०० च्या. म्हणजे मदरबोर्ड नवा. जुनी डीडीआर३ रॅम त्यावर चालत नाही, म्हणजे रॅमही नवी.

आणि एक गोष्ट वेगाच्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. त्याच्याही आधीच्या कोअर २ ड्युओवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती जुगाड करूनही सुरू होत नाही, कारण तिला लागणारी एक आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरला कळतच नाही. यूट्यूबचंही तसंच. तिथले बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींनी आवळून ठेवलेले असतात. १२१०० च्या ग्राफिक्समध्ये ते उलगडणारं यंत्रच बसवलेलं आहे, २६०० ला सगळं कोअरच्या जोरावर करावं लागतं. बँकेचं काम नेटवरून होत असेल तर विंडोजचा मुद्दा सगळ्यात वर घ्या, रेटिंग मागून.

नानांनी शेवटी दोन्ही केलं. जुन्या आय७ ला एसएसडी लावून तो काट्यावर ठेवला, नेट काढून, फक्त गाड्यांच्या वजनपावत्यांसाठी. ऑफिसात बँकेच्या आणि जीएसटीच्या कामाला आय३. पंधरा दिवसांनी प्रिंटर बघायला गेलो, तर नव्या कॅबिनेटवर आय७ चं स्टिकर. जुन्यावरचं नखाने अलगद काढून इकडं चिकटवलेलं. मी बघतोय म्हटल्यावर नाना म्हणाले, "येणारा-जाणारा व्यापारी बघस ना भो."