येसूर, मसाला, खवा विकणाऱ्या छोट्या उत्पादकांनी अन्न तपासणीला कसे सामोरे जावे

मराठवाड्यात घरी किंवा बचत गटामार्फत येसूर (भाजलेली धान्ये, डाळी व मसाले दळून केलेले, रश्श्यात घालायचे पीठ), काळा मसाला, पापड, खवा तयार करून विकणाऱ्यांपैकी अनेकांचा असा समज असतो की, नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे कागद असले म्हणजे झाले. खाद्यपदार्थाच्या बाबतीत ते पुरेसे नाही. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, 2006 हा कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे आणि आपल्या राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. तपासणीला येतात ते याच विभागाचे अन्न सुरक्षा अधिकारी. त्यांनी ओळखपत्र दाखवावे, अशी विनंती करण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

व्यवसाय कितीही लहान असला तरी नोंदणी लागतेच. नोंदणीचा किंवा परवान्याचा क्रमांक 14 अंकी असतो. नोंदणीचा क्रमांक 2 ने आणि परवान्याचा 1 ने सुरू होतो. प्रमाणपत्र कपाटात ठेवू नये, ग्राहकाला दिसेल अशा जागी लावावे.

छोटे उत्पादक सर्वाधिक अडतात ते लेबलवर, आणि तेही बहुधा लबाडीमुळे नव्हे, तर माहितीअभावी. येसुराचे पाकीट हातात घेऊन पाहू. त्यावर पदार्थाचे नाव हवे आणि सर्व घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने हवेत. बाजरी सर्वांत जास्त असेल तर ती पहिली, मग गहू, हरभरा डाळ, धने, आणि याच क्रमाने पुढचे जिन्नस. येसुरात गहू असेल तर ‘यात गहू आहे’ अशा अर्थाची ओळ वेगळी छापावी लागते, कारण ग्लुटेन असलेली धान्ये ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत येतात. शेंगदाण्याच्या चटणीला आणि दुधाच्या पदार्थांनाही हाच नियम आहे. त्याशिवाय शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, 14 अंकी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची किंवा पाकीटबंद केल्याची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरावे, हे सर्व लागते. कमाल किरकोळ किंमत आणि वजनाचे नियम वैधमापन शास्त्र विभागाकडे येतात, म्हणून त्या बाबतीत दुसरा अधिकारीही येऊ शकतो. पोषणमूल्यांचा तक्ता कोणाला लागू आणि कोणाला सूट, हे पदार्थागणिक बदलते. आपल्या पदार्थापुरते ते जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे.

दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, केवळ मराठीत छापलेले लेबल नियमात बसत नाही. आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो आणि मराठी त्याच्या जोडीला छापता येते. आपला ग्राहक मराठी वाचतो, त्यामुळे मराठी मजकूर गाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट तारखेच्या शिक्क्याची. चकचकीत प्लास्टिकवर साध्या शाईने मारलेला शिक्का बोट फिरवताच पुसला जातो, आणि मजकूर न पुसला जाणारा असावा, हीच तर कायद्याची अट आहे. म्हणून माल बाहेर पाठवण्यापूर्वी प्रत्येक बॅचमधील एक-दोन पाकिटे ओल्या बोटाने घासून पाहावीत. ‘मधुमेहावर रामबाण’ यासारखे दावे तर चुकूनही छापू नयेत. लेबल नियमबाह्य ठरले, तर दंड 3 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

जागेच्या तपासणीत स्वच्छता, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, उंदीर-किड्यांचा बंदोबस्त आणि पाणी हे पाहिले जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागते. ते पिण्यायोग्य असल्याचा तपासणी अहवाल फाईलला लावून ठेवला, तर या प्रश्नाचे उत्तर तयार असते. त्रुटी आढळल्यास सुधारणा नोटीस मिळते आणि तिच्या पूर्ततेसाठी किमान 14 दिवस द्यावे लागतात.

नमुना घेण्याची प्रक्रिया मात्र प्रत्येक उत्पादकाने नीट समजून घ्यावी, कारण त्याचे हक्क तिथेच आहेत. अधिकारी नमुना घेताना लेखी सूचना देतात, नमुन्याची नेहमीच्या विक्रीदराने किंमत देतात आणि स्वतंत्र साक्षीदार बोलावतात. नमुन्याचे चार भाग करून प्रत्येकाला सील लावले जाते व त्यावर उत्पादकाची सही किंवा अंगठा घेतला जातो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे (प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) आणि दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरिष्ठांकडे) जातात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेण्याची मागणी उत्पादकाला स्वखर्चाने करता येते; ती करायची असेल तर नमुना घेतला जात असतानाच लेखी द्यावी. खव्यासारख्या लवकर खराब होणाऱ्या मालाच्या बाबतीत तर ती टाळूच नये. दोन्ही अहवालांत तफावत निघाली, तर राखून ठेवलेला एक भाग निर्देश प्रयोगशाळेकडे (फेरतपासणी करणाऱ्या वरच्या प्रयोगशाळेकडे) जातो आणि तिचा निर्णय अंतिम असतो. सही करण्यापूर्वी कागदावरील बॅच क्रमांक, वजन आणि वेळ आपल्या नोंदवहीशी ताडून पाहावी. वाचता येत नसेल, तर गटातील दुसऱ्या ताईंना वाचून दाखवायला सांगावे. घाईने अंगठा देऊ नये.

पुरेसे कारण नसताना निव्वळ त्रास देण्यासाठी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यालाही याच कायद्यात दंड आहे. अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारालाही दंड होतो, म्हणून तक्रार कागदांच्या आधारेच करावी.

विश्लेषकाचा अहवाल सामान्यतः 14 दिवसांत येणे अपेक्षित आहे. तो प्रतिकूल असेल, तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. ही मुदत अहवाल हाती पडल्यापासून मोजली जाते, म्हणून टपालाचा लिफाफा जपून ठेवावा आणि अहवालाच्या प्रतीवर तो मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.