धावपट्टीपर्यंतची वाट : लहान विमान जमिनीवरून सुरक्षित कसे न्यावे

वैमानिकाचे प्रशिक्षण सुरू झाले की विद्यार्थ्याचे सारे लक्ष उड्डाणाकडे आणि उतरण्याकडे असते. स्टँडपासून, म्हणजे विमान उभे असते त्या जागेपासून, धावपट्टीपर्यंतचे टॅक्सिंग (विमान जमिनीवरून चालवत नेणे) हा केवळ मधला वेळ आहे, असा समज फार लवकर घट्ट बसतो. बारामती, गोंदिया, शिरपूर अशा एकच धावपट्टी असलेल्या ठिकाणी शिकताना हा समज कदाचित खपून जाईल, परंतु तोच वैमानिक पुढे एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या आणि टॅक्सीवेचे (धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटांचे) जाळे असलेल्या मोठ्या विमानतळावर गेला की ही सवय जिवावर बेतू शकते. पुढील सूचना सेसना 172 सारखे, नाकाखाली चाक असलेले एक इंजिनाचे विमान डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

इंजिन सुरू करण्यापूर्वी विमानतळाचा नकाशा काढून आजची वापरातली धावपट्टी कोणती, तिथवर कोणत्या टॅक्सीवेने जावे लागेल आणि वाटेत दुसरी धावपट्टी ओलांडावी लागते का, हे पाहून घ्यावे. नकाशात ‘हॉट स्पॉट’ म्हणून वर्तुळ केलेल्या जागा गोंधळाच्या म्हणूनच नोंदवलेल्या असतात. त्या आधीच ध्यानात ठेवाव्यात. टो-बार (विमान ओढण्याचा दांडा) काढला आहे, पिटोचे (वेग मोजणाऱ्या नळीचे) आवरण उतरवले आहे आणि चाकांचे अडसर बाजूला केले आहेत, याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करावी, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

विमान हलताच पहिली गोष्ट म्हणजे ब्रेक तपासणे. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा) पूर्ण मागे घेऊन ब्रेकची दोन्ही पेडल हलकेच दाबावीत. ब्रेक लागत नसतील तर ते स्टँडवरच कळलेले बरे. त्यानंतर वेग झपझप चालणाऱ्या माणसाइतका ठेवावा, वळणावर आणि इतर विमानांजवळ त्याहूनही कमी. एका हाताने थ्रॉटल पुढे आणि पायाने ब्रेक दाबलेला, ही सवय वाईट आहे, कारण त्यात ब्रेक तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी दगा देतात. वेग वाढतो आहे असे वाटले तर आधी थ्रॉटल कमी करावा, मग ब्रेक लावावा. नाकाचे चाक पिवळ्या मध्यरेषेवर ठेवावे, मात्र ती रेषा पंखाच्या टोकाची हमी देत नाही हेही लक्षात असावे. सेसना 172 च्या पंखांचा विस्तार सुमारे 11 मीटर आहे, आणि एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या मोकळ्या जागेवर) कोणी वाकडे उभे केलेले विमान किंवा इंधनाची गाडी त्या रेषेच्या किती जवळ आहे हे वैमानिकानेच पाहायचे असते. शंका आली तर थांबावे आणि पंखाजवळ माणूस उभा करावा.

वाऱ्याकडे विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वारा समोरून डावीकडून येत असेल तर कंट्रोल व्हील डावीकडे वळवावे आणि एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी हलती पट्टी) मध्यावर ठेवावा. वारा मागून डावीकडून येत असेल तर व्हील उजवीकडे वळवून पुढे ढकलावे. उजवीकडच्या वाऱ्यासाठी व्हील वळवण्याची बाजू उलट करावी. मागून तिरपा येणारा वारा उंच पंखांच्या विमानाला सर्वांत धोक्याचा, कारण तो शेपटी आणि पंख एकाच वेळी उचलू पाहतो. प्रत्येक वळणानंतर वाऱ्याची दिशा विमानाच्या तुलनेत बदलते, म्हणून व्हीलची जागाही बदलली पाहिजे. मोठ्या जेटच्या मागून जाताना भरपूर अंतर ठेवावे, आणि जुहूसारख्या हेलिकॉप्टरांच्या विमानतळावर जमिनीलगत तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरपासून त्याच्या रोटरच्या व्यासाच्या किमान तिप्पट दूर राहावे.

आता मुख्य गोष्ट. 8 ऑक्टोबर 2001 रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. एका लहान सेसना सायटेशन जेटला आर-5 या टॅक्सीवेने जाण्याची सूचना मिळाली. वैमानिकाने रेडिओवर आर-5 हेच नाव परत सांगितले, आणि विमान मात्र आर-6 वर गेले. त्या वाटेने ते थेट वापरातल्या धावपट्टीवर पोहोचले आणि उड्डाणाच्या वेगात असलेल्या एमडी-87 या प्रवासी विमानाची त्याला धडक बसली. जमिनीवरच्या चौघांसह 118 माणसे मृत्युमुखी पडली. तिथल्या खुणा सदोष होत्या, जमिनीवरचे रडार चालू नव्हते, आणि वैमानिकाने वाटेत सांगितलेली एस-4 ही खूण नियंत्रकाला ठाऊकच नव्हती. दोष अनेकांचे होते, परंतु कॉकपिटमध्ये बसलेल्याने यातून घ्यायचे ते एवढेच: टॅक्सीवेचे नाव बरोबर परत सांगणे आणि आपण नेमके कुठे आहोत हे माहीत असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून सूचना मिळाली की ती लिहून घ्यावी, परत सांगावी, आणि मग नकाशावर बोट ठेवून तो मार्ग पाहावा. काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे आपण कोणत्या टॅक्सीवेवर आहोत ते सांगतात, पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे कुठे वळायचे ते दाखवतात, आणि लाल पाटीवरची पांढरी अक्षरे परवानगीशिवाय पुढे जाऊ नका असे बजावतात. धावपट्टीआधीच्या होल्डिंग पॉइंटला, म्हणजे परवानगीसाठी थांबण्याच्या जागेला, चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा आपल्या बाजूला असेल तर विमानाचा कोणताही भाग तिच्यापुढे जाता कामा नये. जमिनीवर लाल दिव्यांची रांग लागलेली असेल तर ती विझेपर्यंत कधीही ओलांडू नये. तोंडी परवानगी मिळाली आणि दिवे अजून लागलेलेच असले, तर थांबून विचारावे. पावसाळ्यात डबक्यांखाली आणि शेवाळाखाली रेषा दिसेनाशा होतात, वाढलेल्या गवतात पाट्या लपतात. त्या दिवसांत वेग आणखी कमी ठेवावा.

टोक्योच्या हानेदा विमानतळावर 2 जानेवारी 2024 रोजी तटरक्षक दलाच्या विमानाला ‘क्रमांक एक’ असे सांगून होल्डिंग पॉइंटपर्यंत येण्याची सूचना होती; ते विमान धावपट्टीवर जाऊन थांबले आणि उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले. प्रवासी विमानातले सर्व 379 जण वाचले, तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. रांगेत पहिला क्रमांक मिळणे म्हणजे धावपट्टीवर जाण्याची परवानगी नव्हे. ‘लाइन अप’ (उड्डाणासाठी धावपट्टीवर येऊन उभे राहा) किंवा धावपट्टी ओलांडण्याची परवानगी धावपट्टीच्या क्रमांकासह स्पष्ट शब्दांत ऐकली पाहिजे, आणि ‘होल्ड शॉर्ट’ची (धावपट्टीआधी थांबण्याची) सूचना धावपट्टीचा क्रमांक व आपले कॉलसाइन (रेडिओवरचे विमानाचे नाव) घेऊन परत सांगितली पाहिजे. परवानगी असली तरी रेषा ओलांडण्याआधी दोन्हीकडे, विशेषतः उतरण्याच्या दिशेकडे, डोळ्यांनी पाहावे. टॉवर नसलेल्या ठिकाणी रेडिओवर आपली जागा आणि हेतू सांगावाच, पण समोरच्याकडे रेडिओ नसेल असे धरूनच नजर ठेवावी.

वाट चुकली असे वाटल्यास विमान थांबवून नियंत्रकाला तसे सांगावे. मात्र आपण धावपट्टीवर आहोत अशी शंका असेल तर तेही लगेच सांगून तिथून बाहेर पडावे. हे सांगण्यात कमीपणा नाही, आणि जो प्रशिक्षक विद्यार्थ्याला त्याबद्दल रागावतो तो चुकीचे शिकवतो. रेडिओ बंद पडला तर टॉवरच्या प्रकाशाच्या खुणा पाहाव्यात: लुकलुकणारा हिरवा म्हणजे टॅक्सी करा, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकणारा लाल म्हणजे धावपट्टीवरून दूर व्हा, आणि लुकलुकणारा पांढरा म्हणजे निघालात तिथे परत जा.

विमान जमिनीवर चालत असताना चेकलिस्ट वाचू नये, फोन पाहू नये, प्रवाशाशी गप्पा मारू नयेत. उतरल्यावरही हाच नियम आहे: धावपट्टी सोडून शेपटीसकट होल्डिंग रेषेच्या पलीकडे यावे, पूर्ण थांबावे, आणि मगच फ्लॅप, दिवे यांना हात लावावा. एप्रनवर मार्शलने (विमानाला हाताने खुणा करणाऱ्या माणसाने) दोन्ही हात डोक्यावर छेदले की तत्काळ थांबावे. इंधन-हवेचे मिश्रण बंद करून इंजिन थांबवावे, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारे यंत्र) बंद करून किल्ली काढावी आणि प्रोपेलर पूर्ण थांबल्याशिवाय कोणालाही दार उघडू देऊ नये; थांबलेल्या प्रोपेलरलाही हात लावू नये, कारण मॅग्नेटोची तार सुटलेली असेल तर तो हाताने फिरवताच इंजिन अचानक सुरू होऊन फिरू लागू शकते.