इंग्रजी खेड्यातली खूनकथा कशी रचावी

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी खून नेमका कसा झाला ते खुन्याच्या बाजूने एका पानावर लिहून काढा: कारण काय, साधन कोणतं, संधी कधी मिळाली आणि त्याच्या हातून कोणती एक चूक राहिली. हे पान नसलं की शेवटी कुणालाही खुनी ठरवता येतं, आणि वाचकाला ते लगेच जाणवतं.

काळ १९३०च्या आसपासचा धरा. संशयित पाच-सहा पुरेत: चर्चचे धर्मगुरू, डॉक्टर, निवृत्त कर्नल, पोस्ट सांभाळणारी बाई, नवा भाडेकरू. प्रत्येकाला खुनाशी संबंध नसलेलं एखादं गुपित द्या, म्हणजे निरपराध माणसंही खोटं बोलतील.

खरी मेहनत विषावर घ्या. आर्सेनिक घेतलंत तर त्याच्या विक्रीवरचा ब्रिटनमधला १८५१चा कायदा माहीत हवा. दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवून गिऱ्हाइकाची सही घ्यावी लागे, आणि किरकोळ विक्रीत पौंडभर वजनाच्या आर्सेनिकमागे किमान एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळावी लागे. त्यामुळे दुकानातलं आर्सेनिक पांढऱ्या पुडिंगमध्ये खपत नाही, रंग दिसतो. खुन्याने आर्सेनिक लावलेले माश्या मारायचे कागद पाण्यात भिजवले, तर वहीत त्याची सही राहीलच असं नाही. पण कागद बुडवलेली बशी मोलकरणीला दिसू शकते. तोच तुमचा दुवा, खुन्यापर्यंत नेणारा धागा.

उलट्या-जुलाब पाहून डॉक्टरला पोटाचा विकार वाटणं स्वाभाविक आहे. मृत्यू दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. नवे लेखक इथेच फसतात: मृत्यूच्या वेळी कोण कुठे होतं हे विचारत बसतात. वेळापत्रक जेवणाचं करा. कप कुणी भरला, ट्रे किती वेळ दिवाणखान्यात एकटा होता, हे मिनिटांनिशी मांडा.

तपास आधी गावच्या कॉन्स्टेबलकडे, मग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, इन्स्पेक्टरकडे. स्कॉटलंड यार्ड, म्हणजे लंडनचे पोलीस, तेव्हा आपणहून येत नसत, काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, चीफ कॉन्स्टेबलने, बोलवावं लागे. कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच घ्या. सगळ्या साक्षी तिथे एकत्र येतात.

दुवे किमान तीन हवेत. महत्त्वाची वस्तू वर्णनातल्या वस्तूंच्या यादीच्या मधोमध ठेवा आणि लगेच एखादं भांडण उकरा, म्हणजे वाचकाची नजर हलते. पण गुप्तहेराला दिसलेलं वाचकालाही दिसायलाच हवं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये मांडलेल्या दहा नियमांतही ही अट आहे, आणि ती मोडू नये.

मसुदा झाला की उलगड्याआधीची पानं दोघा-तिघांना वाचायला द्या. सगळ्यांनी खुनी ओळखला तर दुवा आणखी दडवा. कुणालाच संशय आला नाही तर एक दुवा वाढवा.