फिट येणाऱ्यानं विसरण्याचा हिशेब कसा ठेवावा

माझ्या फिटना सत्तावीस वर्षं झाली आणि वहीला एकोणीस. मधली आठ वर्षं ‘डॉक्टर, विसरायला होतंय’ एवढं एकच वाक्य घेऊन मी तपासायला जात होतो. एवढ्या वाक्यावर कुठलाही डॉक्टर काय करणार? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी आहे. आमच्याकडं कुणी ‘हिशेब चुकलाय’ म्हणत आला, की पहिला प्रश्न असतो, कुठल्या पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कुठल्या कागदात? विसरण्याचंही तेच. ते कुठल्या खात्यातलं आहे हे आधी शोधावं लागतं. कसं शोधायचं तेवढंच इथं सांगतो.

भिजवलेले बदाम, ब्राह्मीचं तेल, शंखपुष्पी, ‘रोज शब्दकोडं सोडव’, सगळं मला सांगून झालंय. बदाम खा, चांगले असतात. काढे-चूर्ण मात्र फिटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, गोळ्यांशी त्यांचं जमेलच असं नाही.

१. वही

दोनशे पानी, रेघांची. एक निळं बॉलपेन, एक लाल. मोबाइलवर लिहायच्या भानगडीत पडू नका. फिट आली की तो कुलूप लावून तुमच्या खिशात असतो आणि लिहायचं असतं दुसऱ्याला.

२. गोळ्यांचा डबा

औषधाच्या दुकानात सात दिवसांचा, सकाळ-रात्र कप्प्यांचा डबा मिळतो. रविवारी भरायचा. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात, विषय संपला. ‘माझ्या लक्षात असतं’ असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, माझ्याही लक्षात असायचं. एका सकाळी मी कार्बामाझेपिन ही फिटची गोळी दोनदा घेतली, कदाचित तीनदा. दहा वाजता यार्डाच्या फाटकात मला एका ट्रकचे दोन दिसत होते आणि पाय कुठंच्या कुठं पडत होते. चहावाला शेजारच्याला म्हणाला, ‘दिवाणजी आज सकाळीच?’ ती गोष्ट यार्डात अजून निघते. एखादी वेळ चुकली तर काय करायचं, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. ते आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

३. बघणाऱ्याकडून लिहून घेणं

फिट कशी आली हे ज्याला आली त्यालाच विचारणं म्हणजे झोपलेल्याला घोरण्याबद्दल विचारणं. घरात एक आणि कामावर एक, अशी दोन माणसं तयार करून ठेवा. पहिलं काम घड्याळ बघायचं. मग कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ. तोंडात चमचा नाही, बोट नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर वाट न बघता दवाखाना. जमलं तर मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना ते दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं.

नंतर लाल पेननं लिहायचं: किती वाजता सुरू झाली, किती वेळ चालली, आधी कुठला हात, मान कुठल्या बाजूला, तोंडानं चघळल्यासारखं करत होता का. आणि एक नोंद, जी सगळे गाळतात: बरोबर उत्तरं कधी द्यायला लागला. डोळे उघडले, उठून बसला, चहा प्याला, एवढ्यावर माणूस शुद्धीवर आला असं धरू नका. मी एकदा फिटनंतर उठून, चप्पल घालून, शेठना ‘येतो’ म्हणून चालत घरी गेलोय. मला त्यातलं अक्षरही ठाऊक नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी तीनच प्रश्न विचारायचे: आज वार कुठला, तू आता कुठं आहेस, सकाळी काय काय केलंस. तिन्ही बरोबर आले की वेळ लिहायची. कधी वीस मिनिटं लागतात, कधी चार तास.

४. विसरणं तीन खात्यांत वाटणं

इथं मी अडकलो होतो आणि इथंच बहुतेक जण वही सोडून देतात.

मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात, आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळणदार भाग असतो, दोन्ही बाजूंना एकेक. दिवसात घडलेलं पक्कं करायचं काम मुख्यतः तिथं चालतं. अनेकांच्या फिट नेमक्या याच भागातून किंवा त्याच्या शेजारून निघतात, त्यामुळं फिट आणि विसरणं एकाच घरात नांदतात. आमच्या भाषेत सांगायचं तर दिवसभराचे व्यवहार आधी रोजमेळात, म्हणजे रोजच्या नोंदवहीत जातात, मग सवडीनं खतावणी होते, म्हणजे ते ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतात. चूक तीन ठिकाणी होऊ शकते. रोजमेळात नोंदच झाली नाही. नोंद आहे, पण पान सापडायला वेळ लागतोय. किंवा नोंद झाली आणि खतावणी राहिली. तिन्ही वेळा तोंडातून एकच शब्द येतो, ‘विसरलो’.

पहिलं खातं, नोंदच नाही. फिटच्या वेळचं, त्यानंतरच्या गोंधळातलं आणि कधी कधी आधीच्या थोड्या वेळातलंही. क्षणभर टक लागणाऱ्या बारक्या फिटमध्येही हेच होतं. समोरच्याचं वाक्य मधूनच कापलेलं ऐकू येतं आणि शाळेत मास्तर म्हणतात, पोराचं लक्ष नाही. या खात्यातलं परत मिळत नाही. ‘आठव, आठव’ म्हणून मागं लागू नका. मागं लागलं की माणूस आठवत नाही, रचतो. मी रचलं होतं.

वजनकाट्याजवळ मला एक मोठी फिट आली होती. पुढं दोन वर्षं मी डॉक्टरांना छातीठोक सांगत होतो, की पडायच्या आधी मला हळदीचा उग्र वास आला. मिरजेचे डॉक्टर एकदम सावरून बसले, कारण फिटच्या आधी नसलेला वास येणं ही कानशिलाकडच्या फिटची खूण असू शकते. त्यांनी कागदावर लिहूनही घेतलं. एक दिवस आमचा जुना हमाल ती हकिकत कुणाला तरी सांगत होता: ‘पोतं फुटलं, दिवाणजी त्या हळदीतच पडले, सगळीकडं वासच वास.’ मी थंड पडलो. तो वास माझा नव्हताच, त्याचा होता. ऐकून ऐकून मी तो स्वतःचा करून घेतला होता. आणि मार्च महिन्यात सांगलीच्या यार्डात उभं राहून हळदीचा वास आला, यात खूण ती कसली!

तेव्हापासून दोन शाया. मला स्वतःला आठवतं ते निळ्यानं, दुसऱ्यानं सांगितलं ते लाल शाईनं. शंका असेल तर लाल. जमा आणि नावे आपण एका बाजूला लिहीत नाही, मग हे तरी का लिहायचं? निळं पान कोरं राहिलं तर राहू द्या. कोरी जागा हीसुद्धा माहिती आहे, तिच्यावरून किती मिनिटं गेली ते कळतं.

दुसरं खातं, पान सापडत नाही. हे बऱ्याचदा गोळ्यांचं असतं. टोपिरामेट यासाठी बदनाम आहे, शब्द ओठावर येऊन अडकतात. फेनोबार्बिटोननं माणूस मंद, पेंगुळलेला होतो. सगळ्यांना होतं असं नाही. माझं गोळीचं प्रमाण वाढवलं त्या महिन्यात ‘बारदान’ हा शब्द माझ्याकडून हरवला. ज्या शब्दावर माझं पोट चालतं तो! शेतकऱ्यापुढं मी ‘ते हे… पोत्याचं… रिकामं’ करत उभा. ओळखायची युक्ती सोपी आहे: गोळी बदलली, वाढवली, कमी केली की त्या तारखेखाली दोन रेघा ओढा. विसरण्याच्या नोंदी त्या रेघांखाली दाट व्हायला लागल्या तर संशय गोळीवर. शिवाय या खात्यातल्या माणसाला धागा दिला की आठवतं. ‘बा…’ म्हटलं की ‘बारदान!’

एवढं कळलं म्हणून गोळी स्वतः कमी करू नका. हे मी रागावून सांगतोय. फिटची गोळी एकदम तोडली तर फिट थांबायचंच नाव घेत नाही अशी वेळ येऊ शकते, त्यात जीव जातो. वही डॉक्टरांपुढं ठेवा, ते हळूहळू उतरवतील किंवा दुसरी देतील. माझी त्यांनी उतरवली आणि महिन्या-दीड महिन्यात बारदान परत आलं.

तिसरं खातं, खतावणी राहिली. यानं मला सगळ्यात जास्त छळलं, कारण हे कुणाला दाखवता येत नव्हतं. तपासणीत गोष्ट सांगतात, अर्ध्या तासानं विचारतात. मी घडाघडा सांगायचो. अहवाल नॉर्मल. आणि घरी? मेहुणीच्या लग्नाला तासगावला गेलो होतो, जेवणाच्या पंगतीत वाढायलाही होतो. पाच महिन्यांनी अल्बम उघडला तर हातात बासुंदीची बादली घेतलेला मी मला दिसला आणि आतून काहीच हललं नाही. जणू चुलतभावाचा फोटो. अर्ध्या तासानं, दुसऱ्या दिवशीही नीट आठवतं आणि आठवड्या-महिन्यांनी सगळं गळून जातं, असं फिटच्या काही रुग्णांत होतं हे डॉक्टरांना माहीत आहे. पण तपासणीच अर्ध्या तासाची असेल तर ते सापडणार कसं? म्हणून घरी मोजायचं.

मोजायची रीत अशी. रविवारी घरातल्या तिसऱ्यानं, आमच्यात मुलगा, त्या आठवड्यात तुमच्यासमोर घडलेली एक बारीक गोष्ट लाल पेननं लिहायची, चार तपशिलांसह. शब्दांच्या याद्या, गाड्यांचे नंबर नकोत. त्या पाठ होतात आणि खरं आयुष्य याद्यांचं नसतं. आमच्या वहीतलं एक: ‘मंगळवारी पाहुणे आले, आईनं भडंग केलं, शेंगदाणे करपले, लाईट गेली.’ पान दुमडायचं. अर्ध्या तासानं विचारायचं, दुसऱ्या दिवशी, पुढच्या रविवारी आणि चौथ्या रविवारी. आधी काही न सुचवता, मग धागा देऊन. चारातले किती आले ते आकड्यात. धाग्यानं आलं तर दुसरं खातं, धागा देऊन, फोटो दाखवूनही कोरं तर तिसरं.

आणि हेच प्रश्न घरातल्या धडधाकट माणसालाही विचारा, नाहीतर सगळंच आजारावर ढकललं जातं. माझी बायकोही चौथ्या रविवारी चारातला एक विसरते हे वहीमुळंच कळलं. ‘मी तुम्हाला सांगितलं होतं’ यावरची आमची भांडणं त्या महिन्यापासून निम्म्यावर आली.

तिसऱ्या खात्यावर हमखास उपाय नाही, पण एक वाट आहे. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या माणसाच्या फिट आवरेनात, म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात ठेवता येईना. २००८ साली वारेपर्यंत तो तसाच होता. तरी आरशात बघून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला तो रोज थोडा जास्त सफाईनं शिकत गेला, काल गिरवली होती हे ठाऊक नसताना. डोक्याला जमलं नाही तरी हाताला जमतं, कारण सवयीचं खातं वेगळं आहे. म्हणून किल्ली एकाच खिळ्याला, चष्मा एकाच कोनाड्यात, गोळीचा डबा चहाच्या डब्यावर. आणि ठरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा उजळा: मोठा प्रसंग झाला की त्याच रात्री, आठवड्यानं आणि महिन्यानं फोटो काढून बघा.

५. झोप आणि मन

सौद्याच्या दिवसांत रात्री बारापर्यंत पट्ट्या करत बसायचो. त्या महिन्यांतली पानं लालेलाल आहेत. झोपेचे तास समासात लिहा. मन खचलेलं असेल तेही लिहा, उदासीनंही स्मरण पातळ होतं आणि त्यावर औषध आहे.

६. डॉक्टरांपुढं एकच पान

अख्खी वही नेऊन टेबलावर आपटू नका, बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. एका पानावर: गेल्या खेपेपासून किती फिट, किती गोळ्या चुकल्या, गोळीत बदल कधी, शुद्धीवर यायला सरासरी किती वेळ, आणि तिन्ही खात्यांतलं एकेक उदाहरण तारखेसकट. रविवारचे आकडे खाली. ज्यानं फिट बघितली त्याला बरोबर न्या. तिसरं खातं भरलेलं असेल तर स्मरणशक्तीची सविस्तर तपासणी करून घ्यायची का, हे तुम्हीच विचारा. फिटच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली असेल तर ती तपासणी चुकवूच नका, कारण बहुतेकांत डाव्या बाजूवर शब्दांचा भार असतो आणि काढून टाकलेलं परत बसवता येत नाही.

७. वही ठेवायची जागा

लोखंडी कपाटाचा वरचा खण. आमचं घर गावभागात आहे. २०१९ च्या पुरात खालच्या खणातल्या दोन वह्या पाण्यात गेल्या. एक बॉलपेनची होती, ती गच्चीवर वाळवून वाचता आली. दुसरी मी हौसेनं शाईच्या पेननं लिहिली होती.