पंच आणि लूप एकत्र लावा, पण हद्दी वेगळ्या ठेवा

सगळं गाणं मस्त झालंय, फक्त अंतऱ्यातली एक ओळ घसरलीये, आणि तेवढ्यासाठी गायकाला पहिल्यापासून गायला लावतात, हे मला कधी कळलं नाही. तेवढीच ओळ पंच करायची, म्हणजे फक्त तेवढा तुकडा नव्याने रेकॉर्ड करायचा, लूपवर टाकून, म्हणजे तोच भाग गोल फिरवत, चार-पाच टेक (प्रयत्न) घ्यायचे, विषय संपला. मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं सांगतोय, लॉजिक किंवा क्यूबेस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये बटणं वेगळी, गणित तेच.

ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगसाठी तयार) करणं, लेव्हल, हेडफोन, बफर (हेडफोनमध्ये आवाज उशिरा येऊ नये यासाठीचं सेटिंग) १२८ वगैरे तुम्हाला येतंच.

१. रेकॉर्डच्या बटणावर राइट क्लिक करा, टाइम सिलेक्शन ऑटो पंच निवडा.

२. चुकलेल्या ओळीवर सिलेक्शन ओढा. अगदी मापात नको, दोन्हीकडे एखादा शब्द जास्त घ्या, कारण सिलेक्शनच्या बाहेरचं रेकॉर्डच होत नाही, नंतर कडा कितीही ओढा, काही हाती लागत नाही.

३. आर दाबून रिपीट चालू.

४. आता खरी गोम. रीपर मुळातच लूप आणि सिलेक्शन एकमेकांना बांधून ठेवतं, म्हणजे जेवढं रेकॉर्ड होतंय तेवढंच गोल गोल फिरतं. गायक शेवटचा शब्द सोडतो न सोडतो तोच पहिला शब्द डोक्यावर येऊन बसतो, श्वास घ्यायला जागाच नाही. पहिला टेक बरा येतो, दुसऱ्यापासून पहिलं अक्षर खाल्लेलं, आणि बिचाऱ्याला वाटतं आपलाच आवाज बसला. मीही यावर बरंच डोकं आपटलंय. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, प्री-रोल लावा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आधीचं थोडं गाणं वाजू द्या. अरे पण प्री-रोल रेकॉर्ड दाबल्यावर एकदाच वाजतो, लूपच्या पुढच्या फेऱ्यांना तो नसतोच!

उपाय सोपा आहे. ऑप्शन्स मेनूत लूप पॉइंट टाइम सिलेक्शनला लिंक असल्याची जी टिक आहे ती काढा. मग वरच्या रुलरवर (वेळेच्या पट्टीवर) ओढलं की लूप ठरतो आणि खाली रिकाम्या जागेत ओढलं की सिलेक्शन. लूप दोन बार (तालाची मापं) आधी सुरू करा, एक बार नंतर संपवा. रेकॉर्ड फक्त मधली ओळ होते, पण दर फेरीला गायकाला धावायला अंगण मिळतं. त्या दोन बारमध्ये त्याला नुसतं ऐकत उभं राहू देऊ नका, मागची ओळही गाऊ द्या, नाहीतर पंच केलेल्या ओळीचा सूर जुळतो पण आवाजाचा दम जुळत नाही आणि ठिगळ लगेच कळतं.

तबल्यावरचं गाणं असेल तर बार विसरा, आवर्तनं मोजा, समेवरून निघा, समेवर परत या. केरवा तालाच्या ८ मात्रा सॉफ्टवेअरच्या चार-चार मात्रांच्या ग्रिडमध्ये (आखणीत) आपोआप बसतात, पण रूपकाच्या ७ मात्रा बसत नाहीत, लूप भलत्याच मात्रेवर तुटतो आणि गायक ठेकाच सोडतो. प्रोजेक्टचं टाइम सिग्नेचर (एका बारमधल्या मात्रांचा आकडा) आधी ७ चं करा.

५. चार-पाच फेऱ्यांनंतर थांबा. वीस टेक घेऊन त्यातून निवडत बसणं हा आळशीपणा आहे, मेहनत नाही. थांबवल्यावर विंडो येते तिथे सेव्ह ऑल दाबा, डिलीट ऑल पण तिथेच असतं, घाई करू नका.

६. टी दाबत टेक ऐका, निवडा.

७. जुन्या आणि नव्या टेकचा जोड कुठे द्यायचा? क, ट, त, प च्या आधी हवा क्षणभर अडते, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) झूम केला तर बारीकशी सपाट जागा दिसते, तिथे. म, न, ल किंवा लांबवलेल्या आ-कारात जोड द्याल तर कितीही क्रॉसफेड (जुना आवाज उतरवत नवा चढवणं) लावा, कान पकडतोच, आणि मींडेच्या (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याच्या) मध्ये तर अजिबात नको. ओळ स्वरानेच सुरू होत असेल तर आधीचा श्वासही नव्या टेकमधलाच घ्या. १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. टेपच्या काळात पंच केला की त्या ट्रॅकवरचं जुनं पुसलंच जायचं, इथे जुना टेक खाली तसाच असतो, तेव्हा जोड चार ठिकाणी सरकवून बघायला काय जातंय.

८. काम झाल्यावर रेकॉर्ड मोड परत नॉर्मलला आणा. नाहीतर पुढच्या वेळी कोणी जीव तोडून अख्खं गाणं गाईल आणि ट्रॅकवर येईल तेवढीच एक ओळ.