लस-संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी प्रयोगशाळेतील काही अनुभव

विषाणुसंसर्गाला शरीर कसा प्रतिसाद देते याचा अभ्यास मी सुरू केला, तेव्हा प्रतिपिंडे जितकी जास्त तितके संरक्षण जास्त, असे सरळ समीकरण माझ्या मनात होते. ते पहिल्याच वर्षी मोडले. डेंग्यू होऊन गेलेल्या व्यक्तींच्या रक्तजलाचे (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचे) नमुने माझ्याकडे एलायझा चाचणीसाठी, म्हणजे त्यातील प्रतिपिंडे रंगावरून मोजण्यासाठी, आले होते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये शेवटचे आम्ल घालताच निळा रंग गडद पिवळा झाला आणि जवळजवळ प्रत्येक नमुन्यात भरघोस प्रतिपिंडे असल्याचे दिसले. मी आकड्यांचा तक्ता घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "ही प्रतिपिंडे विषाणूला चिकटतात हे दिसले, पण ती त्याला पेशीत शिरू देत नाहीत, हे तुम्ही कशावरून म्हणता?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे पुढचे सात-आठ महिने गेले.

ते उत्तर न्यूट्रलायझेशन चाचणीतून, म्हणजे प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करतात का हे पाहणाऱ्या चाचणीतून मिळते, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने ही चाचणी एकदा तरी स्वतःच्या हाताने, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत करावी असे मला मनापासून वाटते. रक्तजल ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून त्यातील पूरक प्रथिने (प्रतिपिंडांशिवायही विषाणूवर परिणाम करू शकणारी) निष्क्रिय करायची, त्याची टप्प्याटप्प्याने विरलने करायची, प्रत्येक विरलनात विषाणूची ठरावीक मात्रा मिसळून ते मिश्रण ३७ अंशांना तासभर ठेवायचे आणि मग व्हेरो पेशींच्या (माकडाच्या मूत्रपिंडातून मिळालेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या) अखंड थरावर ओतायचे. वर घट्टसर माध्यमाचे आवरण घातले की काही दिवस वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. शेवटी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर जांभळ्या थरात गोल, रंगहीन ठिपके दिसतात. त्यांना प्लाक म्हणतात, आणि साधारणपणे प्रत्येक प्लाक म्हणजे एका विषाणूकणाने सुरू केलेल्या संसर्गाची जागा. रक्तजलाच्या ज्या विरलनाला प्लाकची संख्या निम्म्यावर येते, तो त्या नमुन्याचा टायटर. एलायझात जवळजवळ सारखेच दिसलेले माझे दोन नमुने इथे पूर्णपणे वेगळे निघाले: एकाने ६४० पट विरल केल्यावरही प्लाक निम्मे केले, तर दुसऱ्याला २० पट विरलनालाही ते जमले नाही.

पण ही चाचणी तरी सारे सांगते का? डेंग्यूचे चार उपप्रकार आहेत. एका उपप्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या उपप्रकाराला नुसती चिकटून राहिली, तर प्रतिपिंडांचे शेपूट पकडणारे ग्राही (रिसेप्टर) ज्यांच्यावर असतात अशा पेशींमध्ये शिरायला ती विषाणूला मदतच करू शकतात. व्हेरो पेशींवर असे ग्राही नसल्यामुळे हा धोका त्यांच्या थरावर दिसतच नाही. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या पेशींवर आणि विषाणूच्या कोणत्या उपप्रकाराविरुद्ध मिळाला आहे, हे आधी पाहायची सवय लावून घ्या.

नुसत्या चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर विसंबल्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आरएसव्ही या श्वसनविषाणूच्या लशीचे आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली लस तान्ह्या मुलांना देण्यात आली. मुलांमध्ये प्रतिपिंडे तयार झाली, परंतु पुढे नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा लस न घेतलेल्यांपेक्षा लस घेतलेली मुले अधिक गंभीर आजारी पडली. एका गटात संसर्ग झालेल्या लसधारक मुलांपैकी सुमारे ८० टक्क्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोन मुले दगावली. ती प्रतिपिंडे विषाणूला चिकटत होती, पण त्याला रोखण्यात दुबळी होती, आणि टी-पेशींचा (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकाराचा) प्रतिसादही घातक दिशेने झुकला होता. विषाणूच्या पृष्ठभागावरील एफ प्रथिन पेशीला भिडण्यापूर्वी एका आकारात असते आणि भिडल्यावर दुसऱ्या. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे पहिल्या आकाराला ओळखतात, आणि तो आकार त्या लशीत टिकलेला नव्हता. या पहिल्या आकाराची रचना २०१३ मध्ये उलगडली, त्याला स्थिर करण्याचे मार्ग सापडले आणि २०२३ मध्ये आरएसव्हीच्या पहिल्या लशींना मान्यता मिळाली. प्रथिनाला योग्य आकारात अडकवून ठेवण्याची हीच कल्पना कोविडच्या अनेक लशींमध्ये स्पाइक प्रथिनात प्रोलिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू बसवून वापरली गेली. ही हकिकत मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण चाचणीचा अर्थ नीट लावण्याशी मुलांचे जीव बांधलेले असतात, हे त्यातून कळते.

काही आजारांत संरक्षणाचा निदर्शक आकडा आपल्या हाती आहे. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत लसीकरणानंतर रक्तजलात प्रति मिलिलीटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके प्रतिपिंडे असणे पुरेसे मानले जाते. इन्फ्लुएन्झात रक्तपेशींचे गुठळणे रोखणाऱ्या चाचणीतला १:४० हा टायटर साधारण ५० टक्के संरक्षणाशी जोडला जातो. एका आजाराचा निकष दुसऱ्याला लावता येत नाही.

टी-पेशींचे काम अधिक नाजूक आहे आणि नवोदितांची खरी दमछाक तिथेच होते. १० मिलिलीटर रक्तातून साधारण एक ते दोन कोटी एककेंद्रकी पेशी (ज्यांत टी-पेशी असतात अशा पांढऱ्या रक्तपेशी) मिळतात. त्या डीएमएसओ (गोठताना पेशींना इजेपासून वाचवणारे रसायन) घातलेल्या माध्यमात मिनिटाला सुमारे एक अंश या संथ गतीने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या जातात. त्या वितळवताना माझ्याकडून एकदा घाई झाली. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरून आत बर्फाचा अगदी लहानसा खडा उरताच बाहेर काढायची आणि कोमट माध्यम थेंबाथेंबाने घालायचे असते. मी कुपी पूर्ण वितळू दिली आणि माध्यम एकदम ओतले. ट्रिपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर निम्म्याहून अधिक पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या होत्या. तरीही मी प्रयोग पुढे रेटला, आणि लशीच्या पेप्टाइडांना (प्रथिनांच्या लहान तुकड्यांना) काहीच प्रतिसाद नाही असा निष्कर्ष जवळजवळ वहीत लिहिलाच होता. कोणत्याही धडधाकट टी-पेशीला चेतवणारा जो पॉझिटिव्ह कंट्रोल असतो, त्यालाही पेशी प्रतिसाद देत नाहीत हे शेवटच्या क्षणी लक्षात आले. लशीत दोष नव्हता, पेशीच मृतप्राय होत्या. तेव्हापासून पेशी वितळवल्यावर त्यांना रात्रभर विसावू देणे आणि जिवंत पेशींचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर प्रयोग न करणे, हे दोन नियम मी कधी मोडलेले नाहीत.

फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी मोजून तिचा प्रकार ओळखणारे तंत्र) शिकताना यंत्राच्या बटणांपेक्षा मोजणीकडे लक्ष द्या. विशिष्ट विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशी पुष्कळदा ०.१ टक्क्याहूनही कमी असतात. एक लाख सीडी८ पेशी (टी-पेशींचा एक प्रकार) मोजल्या आणि त्यांतल्या ०.०५ टक्के प्रतिसाद देत असतील, तर तुमचा सगळा निष्कर्ष ५० पेशींवर उभा असतो. पेप्टाइड न घातलेल्या नळीतही ३० पेशी दिसत असतील, तर त्या ५० चा अर्थ पार बदलतो.

संख्याशास्त्र नंतर पाहू म्हणून टाळू नका. टायटर पटींमध्ये वाढतात, म्हणून त्यांची सरासरीही गुणोत्तरी (बेरजेऐवजी गुणाकारावर आधारलेली) काढावी लागते. पाच जणांचे टायटर १०, १०, १०, १० आणि १०,२४० असतील, तर साधी सरासरी २,०५६ येते आणि गुणोत्तरी सरासरी ४०. पहिला आकडा वाचून लस उत्तम आहे असे वाटेल, प्रत्यक्षात मात्र पाचांपैकी चौघांना तिचा काहीही उपयोग झालेला नसेल.

वैद्यक, पशुवैद्यक, जैवतंत्रज्ञान, संख्याशास्त्र अशा कोणत्याही वाटेने इथे येता येते. प्रयोगशाळा निवडताना मात्र काही गोष्टी स्पष्टपणे विचारा. तुमच्या प्रश्नासाठी लागणारे नमुने आज फ्रीझरमध्ये आहेत की अजून गोळा व्हायचे आहेत? विषाणू बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीच्या उच्च सुरक्षेच्या) कक्षात हाताळावा लागणार असेल, तर प्रशिक्षण आणि परवानगी मिळायला तिथल्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती महिने लागले? लशीची चाचणी अंधपद्धतीने (कोणाला काय दिले हे लपवून) चालली असेल, तर सांकेतिक क्रमांक कधी उघडले जातील आणि तोवर तुम्ही कशावर काम कराल? ही उत्तरे मार्गदर्शकांइतकीच तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडूनही घ्या.

आणि नमुने हातात येतील तेव्हा लस देण्यापूर्वी घेतलेल्या, शून्य दिवसाच्या नळ्यांना सर्वांत अधिक जपा. स्वयंसेवकाचे अठ्ठाविसाव्या दिवसाचे रक्त खराब झाले, तर एखादे वेळी तिसाव्या दिवशी पुन्हा मागता येते, पण लस टोचल्यानंतर शून्य दिवस परत येत नाही. असे रक्तजल मी आल्या दिवशीच लहान लहान कुप्यांत वाटून गोठवते, म्हणजे एका चाचणीसाठी एकच कुपी वितळवावी लागते आणि बाकीच्या तशाच शाबूत राहतात.